कॅज्युअल्टीत इंजेक्शनचं नाव मोठ्याने वाचण्यात वेळ का घालवतात?

तुम्ही विचारलंय : भाऊ मोटारसायकलवरून पडला, मांडीतून रक्त वाहत होतं आणि कॅज्युअल्टीतले डॉक्टर अन् सिस्टर इंजेक्शनचं नाव एकमेकांना वाचून दाखवत बसले, हा वेळकाढूपणा नाही का? मी अशाच एका कॅज्युअल्टीत रात्रपाळ्या करते. नातेवाइकांच्या शिव्याही खाल्ल्यात, त्यामुळे तुमचा राग कळतो.

रक्तस्राव थांबायला भावाला दिलं ते बहुधा ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड असावं. जपानमध्ये उताको आणि शोसुके ओकामोतो या जोडप्याने १९६० च्या दशकात शोधलेलं, अगदी स्वस्त औषध. अपघातात त्याचा उपयोग होतो हे मात्र २०१० मध्ये 'क्रॅश-२' या चाचणीतून पक्कं झालं. ४० देशांतले २० हजारांवर जखमी त्यात होते, भारतातलेही हजारो. औषध मिळालेल्यांत मृत्यू १४.५ टक्के, न मिळालेल्यांत १६. फरक किरकोळ वाटतो, पण शंभरातला तो दीड माणूस कुणाचा तरी भाऊच असतो.

पुढच्याच वर्षी त्याच आकडेवारीतून कळलं की औषध तीन तासांच्या आत द्यायला हवं. त्यानंतर दिलं तर रक्तस्रावाने मरणारे उलट वाढले. म्हणून आमचा पहिला प्रश्न असतो, "किती वाजता लागलं?" आणि उत्तर येतं, "आत्ता मघाशीच." हे मघाशी वीस मिनिटांचंही असतं आणि चार तासांचंही. रक्त दिसलं की ट्रॅनेक्सॅमिक, हेही खरं नाही. जठर-आतड्यांतल्या रक्तस्रावासाठी 'हॉल्ट-इट' चाचणी २०२० मध्ये आली, तिच्यात फायदा दिसला नाही, शिरांमध्ये गुठळ्या मात्र जास्त झाल्या. तरी रक्ताची उलटी घेऊन आलेल्या पेशंटला ते चढवणारे अजून भेटतात.

आता मोठ्याने वाचण्याचं. हे औषध काचेच्या छोट्या ॲम्प्यूलमध्ये येतं, आत पाण्यासारखा द्रव. सिझेरियनच्या आधी पाठीच्या मणक्यात देतात त्या भुलीच्या औषधाची ॲम्प्यूलही अशीच काचेची, आत तसलंच पाणी. बाळंतपणातला रक्तस्राव थांबवायलाही ट्रॅनेक्सॅमिक वापरतात, त्यामुळे दोन्ही एकाच ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये), कधी एकाच ट्रेमध्ये. शिरेतून जीव वाचवणारं हे औषध चुकून मणक्यात गेलं तर पाय झटके देऊ लागतात, मग फिट्स, मग हृदयाचे ठोके बिघडतात. नोंद झालेल्या अशा प्रकरणांत जवळपास निम्मे पेशंट दगावले. जागतिक आरोग्य संघटनेला २०२२ मध्ये याबद्दल खास इशारा द्यावा लागला.

हे मी वाचलं होतं, पण डोक्यात बसलं ते एका रात्री. पहाटे साडेतीनला एक बाई तातडीच्या सिझेरियनला आली, माणसं कमी म्हणून मी ओटीत मदतीला. भूलतज्ज्ञ मॅडम ग्लोव्ह्ज घालून पाठीशी बसलेल्या. सिस्टरने ॲम्प्यूल फोडून पुढे धरली. मॅडमनी सुई आत घालण्याआधी सवयीने म्हटलं, "वाचा." सिस्टरने दिव्याकडे धरून "ट्रॅने..." एवढंच वाचलं आणि तिचा आवाजच बसला. सिस्टर नवखी नव्हती, बारा वर्षं झालेली होती तिला. ट्रे भरणाऱ्याने दोन्ही ॲम्प्यूल शेजारी ठेवल्या होत्या, बस्स. दुसऱ्या दिवशी ट्रॅनेक्सॅमिक ओटीबाहेरच्या कपाटात गेलं, खोक्यावर लाल पट्टी लागली. त्या इशाऱ्यातही हेच सुचवलं होतं : भुलीच्या औषधांपासून लांब ठेवा, जमल्यास ओटीबाहेरच.

आमच्या कॅज्युअल्टीत मणक्यात काही देत नाहीत. पण एकसारख्या बाटल्या तिथेही कमी नाहीत, आणि हृदय थांबवू शकणाऱ्या पोटॅशियम क्लोराइडच्या ॲम्प्यूलला इंजेक्शनचं पाणी समजणं किती महागात पडेल हे कुठल्याही सिस्टरला विचारा. नाव वाचायला चार-पाच सेकंद लागतात. ट्रॅनेक्सॅमिक तर मुळातच सावकाश, एक ग्रॅमला दहा मिनिटं लावून द्यायचं असतं. भसकन दिलं तर बीपी पडतो.

पुन्हा कधी कुणाला घेऊन धावायची वेळ आलीच, तर वाटेत मोबाइलवर दोनच गोष्टी टिपून ठेवा : नेमकं किती वाजता लागलं, आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का. स्ट्रिप हाताशी असेल तर तीच आणा, "पांढरी छोटी गोळी" म्हटलं की आम्ही हात टेकतो. भाऊ आता कसा आहे?