तोंडपाठ आणि मनापासून

तू नुकताच विश्वासात आला आहेस, म्हणून कळकळीनं सांगतो. उठता-बसता ‘प्रभूची स्तुती असो’ म्हणणं, गीतं पाठ असणं, गळ्यात क्रूस, हे सगळं लवकर अंगवळणी पडतं. मलाही पडलं. लांबलचक प्रार्थना करायचो आणि सख्ख्या भावाशी तीन वर्षं अबोला! एकदा येशूनं शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’, म्हणजे आमचे अपराध करणाऱ्यांना क्षमा केली आहे, इथे जीभच अडली. त्याच रात्री भावाला फोन केला. परूशी, म्हणजे येशूच्या काळातले नियम काटेकोर पाळणारे यहूदी, पुदिना, शेप, जिऱ्याचाही दशमांश (दहावा हिस्सा) देवाला देत. येशूनं त्यांना धारेवर धरलं ते न्याय, दया आणि विश्वास सोडल्याबद्दल (मत्तय 23:23). मंडळी (चर्च) मात्र सोडू नकोस, सोबत लागतेच. फक्त दार लावून एकटा असताना देवाशी काय बोलतोस, ते आधी बघ.