गोळीच्या पाठीवर काय लिहिलंय?

प्रश्न : पावसात भिजून ताप, सर्दी आणि अंगदुखी झाली होती. तीन दिवस रोज ६५०च्या चार गोळ्या, सर्दीच्या तीन आणि अंगदुखीच्या दोन घेतल्या. सगळ्या मेडिकलमधून, चिठ्ठीशिवाय. आता बरं आहे. तीन त्रासांना तीन गोळ्या, यात चुकलं काय?

उत्तर : त्रास तीन, पण औषध बरंचसं एकच. ६५०ची गोळी म्हणजे ६५० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत नाक मोकळं करणारं फिनाइलएफ्रिन आणि शिंका थांबवणारं क्लोरफेनिरामाइन यांच्यासोबत ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतंच. अंगदुखीची गोळी बहुधा आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५ अशी जोडगोळी असणार. आता बेरीज करा : २,६०० अधिक १,५०० अधिक ६५०, म्हणजे दिवसाला ४,७५० मिलिग्रॅम. धडधाकट मोठ्या माणसाची कमाल मर्यादा ४,००० आहे. वजन ५० किलोच्या आत असेल किंवा रोजची दारू असेल, तर त्याहून कमी.

पॅरासिटामॉलचा थोडा भाग शरीरात विषारी होतो आणि यकृतातलं ग्लुटाथायोन तो निकामी करतं. ग्लुटाथायोनचा साठा संपला की यकृताच्या पेशी मरू लागतात. फसवी गोष्ट अशी, की पहिल्या दिवशी मळमळीपलीकडे फारसं काही जाणवत नाही. कधी तेवढंही नाही. उजव्या बरगडीखालचं दुखणं आणि कावीळ दोन-तीन दिवसांनी दिसते. एकदम जास्त गोळ्या पोटात गेल्या असतील तर त्यावरचा उतारा पहिल्या ८ तासांत सर्वांत चांगला लागू पडतो. त्यामुळे लक्षणं दिसण्याची वाट पाहायची नाही, पाकिटं घेऊन थेट दवाखाना गाठायचा. तुम्हीही एकदा यकृताची रक्ततपासणी करून घ्या.

दुसरी चूक आयबुप्रोफेनची. पावसाळ्यातला ताप डेंगीचा नाही हे ठरेपर्यंत आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन नको. रक्तस्रावाचा धोका वाढतो.

हे सगळं पाकिटामागे बारीक अक्षरात छापलेलं असतं. पण आपण 'चार गोळ्या द्या' म्हणतो, दुकानदार कात्रीने पट्टी कापतो आणि घटक, मुदत, लाल रेघ हे सगळं दुकानातल्या तुकड्यावर राहतं. कापण्याआधी पूर्ण पट्टीच्या मागच्या बाजूचा फोटो काढा. कंपनीने दिलेलं नाव सोडा, घटकाचं नाव वाचा. लाल रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नसतं.

प्रश्न : तापाचं बाळांचं औषध संपलं म्हणून दुसरी बाटली आणली. डोस तोच, एक चमचा द्यायचा ना? मुलगी १२ किलोची आहे.

उत्तर : नाही. औषध पॅरासिटामॉलचं असेल तर डोस चमच्यावर नाही, वजनावर ठरतो : किलोला १५ मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे तिला एका वेळी १८० मिलिग्रॅम. बाटलीवर '५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम' असेल तर साडेसात मिलिलिटर, '५ मिलिलिटरमध्ये २५०' असेल तर साधारण साडेतीन. थेंबांच्या बाटलीत १ मिलिलिटरमध्येच १०० असतात, म्हणून १.८ मिलिलिटर पुरे. ते औषध चमचाभर, म्हणजे ५ मिलिलिटर पाजलंत, तर एका घोटात ५०० मिलिग्रॅम गेलं! घरातला चमचा तर तसाही बेभरवशाचा. बाटलीसोबतचं माप किंवा बिनसुईची सिरिंज वापरा. दोन डोसांत किमान ४ तास, दिवसात चारच डोस.

प्रश्न : जांघेतल्या गजकर्णावर मेडिकलमधली ट्यूब लावली की दोन दिवसांत खाज थांबते, सोडली की दुप्पट येते.

उत्तर : ट्यूबवर क्लोबेटासॉल किंवा बेक्लोमेथासोन लिहिलंय का बघा. ते स्टेरॉइड. खाज दाबतं, बुरशी मात्र आत फोफावते. कडा पुसट झाल्याने पुढे डॉक्टरलाही ओळखायला अवघड जातं. जांघेत लांबट पट्टे पडतात ते वेगळेच, आणि ते जात नाहीत. ती ट्यूब बंद करून त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. नव्या, छोट्या चट्ट्यावर नुसतं बुरशीनाशक क्लोट्रिमाझोल १ टक्का, दिवसातून दोनदा, चट्ट्याबाहेर दोन बोटं अंतरापर्यंत लावा. डाग गेल्यावरही दोन आठवडे चालू ठेवा. टॉवेल वेगळा, कपडे उन्हात.