बुधवारी पुन्हा हिरवं!

प्रश्न : खाऱ्या पाण्याचा दोन फुटी टँक आहे, पाच महिने झाले. दोन क्लाउनफिश. खडकांवर हिरवं, केसांसारखं शेवाळ येतं. रविवारी टूथब्रशने घासतो, बुधवारी पुन्हा तेच. फॉस्फेटची (म्हणजे शेवाळाच्या खताची) टेस्ट शून्य दाखवते. औषध टाकू का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : औषध नको. टेस्ट शून्य येते, कारण फॉस्फेट त्या शेवाळाच्याच पोटात आहे! टँकमध्ये घासलंत की तुकडे पाण्यात पसरतात आणि दुसरीकडे रुजतात. खडक बाहेर काढा, टँकच्याच पाण्याच्या बादलीत धरा आणि शेवाळ चिमटीने उपटा. ते पाणी फेकून द्या.

पाणी कुठलं वापरता? शेवाळाला खत त्यातूनही मिळतं. माझी पहिली दोन वर्षं स्वयंपाकघरातल्या आरओवर भरवसा ठेवण्यात गेली. एकदा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) बुडवला तर ३८! चवीसाठी त्यात थोडं साधं पाणी मिसळलं जातं. आपल्याला ० हवा, म्हणजे पुढे डीआय रेझिनचं (उरलेले क्षार शोषणाऱ्या मण्यांचं) नळकांडं जोडायचं. मीठ मिसळायलाही तेच पाणी आणि वाफेने घटलेलं भरून काढायलाही तेच. (दादर चौपाटीचं पाणी आणायचा मोह अनेकांना होतो. कृपा करा.)

फ्रोझन खाद्य चहाच्या गाळणीत वितळवून, धुऊन घाला. दिवा आठ तासच. शेवाळ खाणाऱ्या एक-दोन टर्बो गोगलगायी सोडा, पण रात्री एक नजर टाका. वाळूवर उलटी पडली तर बिचारीला कधीकधी सरळ होता येत नाही.

दीड-दोन महिने तरी धीर धरा.