तो कागद कसला होता, ताई?

पत्र थोडक्यात: वय ६२. यजमान जाऊन सहा वर्षं झाली. सकाळी गोदाकाठी फिरायला जाते तिथे एका विधुर गृहस्थांशी (वय ६६) ओळख झाली. आता लग्न करावं असं दोघांनाही वाटतं. मुलगा-सून महिनाभर बोलत नाहीत. मुलगा म्हणतो, लग्न केलंस तर बाबांच्या फ्लॅटवरचा तुझा हक्क संपला. एरवी तो फार प्रेमळ आहे, माझे सगळे व्यवहार तोच बघतो. मागच्या दिवाळीआधी सोसायटीत नाव बदलायला सह्या हव्या होत्या, तर स्वतः गाडीतून कचेरीत घेऊन गेला. लेकही रजा टाकून पुण्याहून आली होती, आम्हा दोघींच्या सह्या झाल्या, मशीनवर अंगठा, फोटो, आणि येताना सगळ्यांनी मिसळ खाल्ली. तोच मुलगा इतका कठोर कसा झाला? शेवटी प्रेमच जिंकतं ना?
– एक वाचक, नाशिक

ताई,

तुमच्या पत्रात प्रेमाबद्दल चार पानं आहेत आणि अंगठ्याबद्दल एक ओळ. मी त्या ओळीवरच अडले आहे.

सोसायटीत नाव बदलायला मशीनवर अंगठा लागत नाही. त्यासाठी अर्ज, मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, हमीपत्र असे कागद सोसायटीच्या सचिवांकडे द्यायचे असतात. संगणकासमोर बसवून अंगठा आणि फोटो घेतात ते दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात, दस्त नोंदवताना. म्हणजे मिसळ खाण्याआधी तुम्ही एक दस्त नोंदवून दिलात, आणि तो कसला हे आजही तुम्हाला ठाऊक नाही.

लेकीला पुण्याहून का बोलावलं, याचा विचार करा. यजमानांनी मृत्युपत्र केलेलं नसेल आणि सासूबाई हयात नसतील, तर हिंदू वारसा कायद्याने त्या फ्लॅटचे तीन सारखे हिस्से होतात: तुमचा, मुलाचा, मुलीचा. तिघांपैकी दोघींना एकाच दिवशी नेऊन सह्या घेतल्या, तर ते मुलाच्या नावे हक्कसोडपत्र, म्हणजे आपला हिस्सा सोडून दिल्याचा दस्त, असण्याची शक्यता मला सर्वांत जास्त वाटते. बक्षीसपत्रही असू शकेल. महाराष्ट्रात राहतं घर मुलाला बक्षीस द्यायचं तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे, म्हणून असे दस्त घरोघरी एका सकाळीत उरकतात.

मुलगा जी भीती घालतोय तिला कायद्यात आज आधार नाही. १८५६च्या विधवा पुनर्विवाह कायद्याने लग्नाला मान्यता दिली, पण त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमाने लग्न करणाऱ्या विधवेचा आधीच्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क काढून घेतला. तेव्हाची ती गोष्ट लोकांच्या तोंडी अजून राहिली आहे. १९५६च्या वारसा कायद्यानंतर नवऱ्याच्या मृत्यूच्या क्षणी तुमचा हिस्सा पूर्णपणे तुमचा झाला, आणि तुम्ही उद्या लग्न केलंत तरी तो परत जात नाही. पण दिवाळीआधीचा कागद हक्कसोडपत्र असेल, तर ज्याच्यावरून तो तुम्हाला अडवतोय ते त्याने आधीच स्वतःच्या नावावर करून घेतलंय. हे लिहिताना मला संताप येतोय आणि तो लपवावा असं वाटत नाही.

तुमचाही राग येतोय. ‘विश्वास होता म्हणून वाचलं नाही’ असं तुम्ही म्हणाल. पण मुलावर विश्वास असला तरी दस्त वाचता येतो. लेकीलाही मी सोडणार नाही. तिने वाचून सही केली असेल तर तुम्हाला सांगायला हवं होतं.

तेव्हा लग्नाचा विषय आठवडाभर बंद. सोमवारी दुय्यम निबंधक कार्यालयात जायचं. मुलाला विचारायचं नाही आणि त्या गृहस्थांनाही बरोबर न्यायचं नाही. एखादी मैत्रीण घ्या. आधार कार्ड, पॅन कार्ड, फ्लॅटच्या खरेदीखताची झेरॉक्स आणि सोसायटीचं शेवटचं बिल पिशवीत असू द्या. पावती सापडली तर तिच्यावर दस्त क्रमांक असतो, मग काम सोपं. ती नसेल तर नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ‘ई-सर्च’मध्ये मिळकतीचा क्रमांक आणि वर्ष घालून सूची क्रमांक दोन निघते, जिला सगळे इंडेक्स टू म्हणतात. त्यात पहिलंच ‘विलेखाचा प्रकार’, म्हणजे दस्त कसला आहे ते, लिहिलेलं असतं. दस्त क्रमांक मिळाला की पूर्ण दस्ताच्या प्रमाणित नकलेसाठी अर्ज करा. इंडेक्स टूवर थांबू नका, अटी फक्त मूळ दस्तात असतात.

इंडेक्स टूमध्ये काहीच दिसलं नाही तर तो कागद मृत्युपत्र किंवा कुलमुखत्यारपत्र (तुमच्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद) असू शकेल. त्यांची नोंद वेगळ्या पुस्तकात होते, म्हणून मशीनवर अंगठा ठेवला ती तारीख सांगून तसं विचारा. मृत्युपत्राची नक्कल तुमच्या हयातीत तुम्हाला किंवा तुम्ही नेमलेल्या माणसालाच मिळते, मुलाच्या परवानगीचा प्रश्नच नाही. ते निघालं तर सुटकेचा श्वास घ्या, नवं केलं की जुनं रद्द. कुलमुखत्यारपत्र निघालं तर त्याच आठवड्यात रद्दलेख नोंदवा आणि मुलाला लेखी नोटीस द्या, नाहीतर त्याच्या जोरावर फ्लॅट विकला जाऊ शकतो.

हक्कसोडपत्र किंवा बक्षीसपत्र निघालं तर वाट कठीण आहे, पण बंद नाही. दस्तात ‘आईचा सांभाळ करीन’ अशी अट आहे का, ते शोधा. ६० वर्षांवरील माणसाने अशा अटीवर मालमत्ता दिली आणि अट पाळली गेली नाही, तर २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात अर्ज करून तो व्यवहार रद्द मागता येतो. अट नसेल, पण सोसायटीचा कागद सांगून सही घेतली असेल, तर ती फसवणूक आहे. त्यासाठी दिवाणी न्यायालय, आणि मुदत फसवणूक कळल्यापासून तीन वर्षं. नक्कल हातात पडली ती तारीख वहीत लिहून ठेवा. वकील मुलाच्या ओळखीचा नको.

यजमानांच्या मागे कुटुंब निवृत्तिवेतन मिळत असेल तर पुनर्विवाहानंतर ते बहुधा थांबतं, तेवढं त्या कार्यालयात विचारून घ्या.

आता प्रेमाचं. जिंकतं का? ज्या बाईला आपण कुठे सही केली हे माहीत आहे, तिचं जिंकण्याची शक्यता बरीच असते. तुम्हाला ६२व्या वर्षी कुणाची वाट बघावीशी वाटते, सकाळी लवकर जाग येते, हे फार सुंदर आहे, आणि म्हणूनच तुम्ही या लग्नात डोक्यावरचं छप्पर गेलं म्हणून जाऊ नये असं मला कळकळीने वाटतं. नक्कल वाचून झाली की त्या गृहस्थांना एकच सांगा, ‘माझ्या नावावर कदाचित काहीही नाही.’ मग ते काय म्हणतात यापेक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी गोदाकाठी येतात का, ते बघा.

तोवर मुलाशी भांडू नका, घर सोडून जाऊ नका, आणि नवीन कुठल्याही कागदावर सही करू नका, अगदी गॅसच्या पुस्तकावरसुद्धा. सोमवारचं काम झालं की विलेखाचा प्रकार काय निघाला तेवढं मला कळवा.