निंबोळी अर्क फवारूनही अळ्या जिवंत कशा?

प्रश्न : निंबोळ्यांचा अर्क घरीच तयार करून सकाळी टोमॅटोवर फवारला; परंतु दुसऱ्या दिवशीही अळ्या पानांवर होत्या. उरलेला अर्क आठवड्यानंतर वापरला, त्याचाही उपयोग झाला नाही. आमचे काय चुकले? त्याऐवजी तंबाखूचा काढा फवारावा काय?

उत्तर : दुसऱ्या दिवशी अळ्या जिवंत दिसल्या, एवढ्यावरून अर्क वाया गेला असे कृपया समजू नका. निंबोळीतील अझाडिरेक्टिन हे तत्काळ मारणारे विष नव्हे. त्यामुळे अळीची खाण्याची इच्छा मंदावते आणि कात टाकण्यासाठी लागणाऱ्या संप्रेरकाच्या कार्यात अडथळा आल्याने तिची वाढ खुंटते व पुढे ती मरते. याला काही दिवस लागतात, म्हणून अळ्या मोजण्यापेक्षा नवी पाने कुरतडली जात आहेत का, हे पाहावे. लहान अळ्यांवर हा परिणाम चांगला होतो. मोठ्या झालेल्या अळ्या हाताने वेचणेच बरे.

चूक झाली ती वेळेची आणि साठवणीची. अझाडिरेक्टिन उन्हातील अतिनील किरणांनी लवकर नष्ट होते, त्यामुळे फवारणी संध्याकाळी करावी आणि पानांच्या खालच्या बाजूलाही अर्क पोहोचेल असे पाहावे. पाण्यात भिजवलेला अर्कही टिकत नाही. तो गाळल्यावर त्याच दिवशी संपवावा. पाच टक्के अर्कासाठी सावलीत वाळवलेल्या, बुरशी न लागलेल्या निंबोळ्यांचा 5 किलो मगज (बीच्या आतील गर) भरड कुटून 10 लिटर पाण्यात रात्रभर भिजवावा, सकाळी दुहेरी फडक्यातून गाळावा आणि संध्याकाळी फवारणीच्या वेळी त्यात पाणी घालून एकूण 100 लिटर द्रावण करावे. अर्क पानांवर पसरावा म्हणून थोडे साबणाचे पाणी मिसळावे. कडुनिंबाच्या पाल्यात अझाडिरेक्टिन बियांच्या मानाने फारच कमी असते, म्हणून मगजाऐवजी पाला वापरू नये.

तंबाखूच्या काढ्याचा विचार मात्र सोडून द्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. वनस्पतीपासून मिळालेले असले तरी निकोटीन हे मज्जासंस्थेवर आघात करणारे तीव्र विष असून ते माणसाच्या त्वचेतूनही शरीरात शिरते. शिवाय तंबाखूतील मोझॅक विषाणू (पानांवर फिकट-गडद चट्टे पाडणाऱ्या रोगाचा विषाणू) टिकाऊ असल्याने अशा काढ्यातून तो तुमच्या टोमॅटोपर्यंत पोहोचण्याचा धोका राहतो.