‘ही तुमच्या बजेटची नाही’ म्हणाला म्हणून रागात साडी घेतली. आता काय करू?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. भावाच्या लग्नासाठी साडी बघायला ऑफिसातून परस्पर गेलात. कपाटातल्या पैठणीकडे बोट दाखवलंत, तर सेल्समन जागचा न हलता म्हणाला, ‘ती वरच्या रेंजची आहे, तुमच्या बजेटचं इकडे दाखवतो.’ तुमचं डोकं फिरलं. चार हजारांचा हिशेब करून गेला होतात आणि साडेनऊ हजारांची तीच पैठणी घेऊन घरी आलात. आता विचारताय, चूक कोणाची आणि साडी परत होईल का.

चूक त्याची. पण तो बोलण्याच्या भरात तसं बोलून गेला असेल, असं मात्र समजू नका.

कॉलेजात असताना दोन वर्षं मी सोलापुरात साड्यांच्या एका दुकानात गादीवर काम केलंय. (दुकानाचं नाव सांगत नाही. मालक अजून रस्त्यात भेटले की चहा पाजतात.) पहिल्या आठवड्यात मला साडी दाखवायला नाही, गिऱ्हाईक ओळखायला शिकवलं. आमच्यात जुने एक होते, त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. त्यांचं म्हणणं, तोंडाकडे बघू नको, पायाकडे बघ. गादीवर बसायच्या आधी चपला काढतात, तिथेच निम्मा निकाल लागायचा. चामड्याची सँडल दिसली की वरचं कपाट उघडायचं, रबरी स्लिपर दिसली की आहेराचा गठ्ठा पुढे ओढायचा. तुम्हीही त्या दिवशी ऑफिसच्या साध्या ड्रेसमध्ये, थकलेल्या चेहऱ्याने गेला असणार. तुमचा हिशेब तुम्ही तोंड उघडायच्या आधीच झाला होता.

मी स्वतः हे केलंय आणि त्यात तोंडावर पडलोय. ऐन लग्नसराईत एक शेतकरी नवरा-बायको मुलीला घेऊन आले. टाचांना भेगा, पिशवी खताच्या पोत्याची शिवलेली. मी सवयीने आहेराचा गठ्ठा सोडला. बाईंनी तो हाताने बाजूला सारला आणि कपाटातली जांभळी पैठणी मागितली. मी म्हणालो, ‘मावशी, ती साडेसात हजारांची आहे.’

‘आसू द्या की. बगायला पैसं पडत्यात व्हय?’

काढली. हातमागाची आहे म्हणून सांगितलं, कारण मलाही तसंच सांगितलेलं. बाईंनी रंग बघितला नाही, काठ बघितला नाही. थेट पदर उलटा केला, मागच्या बाजूवरून अंगठा फिरवला आणि मुलीला म्हणाल्या, ‘मागनं धागं सुटल्यात बग. हातावरची न्हाई ही.’ माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. हातमागाच्या पैठणीत मोराचा, वेलीचा प्रत्येक रंग नक्षीच्या कडेशी हाताने वळवून परत आणतात, त्यामुळे पदर दोन्हीकडून जवळजवळ सारखाच दिसतो. यंत्रावर धागा मागून पुढे धावतो, मग तो लोंबत राहतो किंवा कापून टाकतात. पैठणी विकणाऱ्या मला हे त्या दिवशी कळलं.

ते उठून गेले. संध्याकाळी घरी जाताना एसटी स्टँडवर दिसले, शेजारी दुसऱ्या दुकानाच्या पाच भरलेल्या पिशव्या. अख्खा बस्ता होता तो. मालकांना कळलं तेव्हा मला शिव्या बसल्या, पण कशाबद्दल? गिऱ्हाईक घालवल्याबद्दल. ‘बघायला पैसे पडतात का’ असं एका बाईला विचारावं लागलं, त्याचं कोणालाच काही नव्हतं.

आता तुमच्या प्रसंगातली खरी गोम. अण्णा कधीकधी मुद्दाम म्हणायचे, ‘राहू द्या ताई, ती तुम्हाला जड जाईल.’ दहातल्या सात-आठ बायका निघून जायच्या, दोघी-तिघी ताठ बसून म्हणायच्या, ‘काढा, बघू.’ आणि एकदा काढली की बहुतेक घेऊनच उठायच्या. ज्याला अपमान वाटतो तो पाकीट उघडून उत्तर देतो. पुढे कळलं की यावर चक्क संशोधन झालंय. २०१४ साली कॅनडा आणि अमेरिकेतल्या दोन प्राध्यापकांना असं दिसलं की महागड्या ब्रँडच्या दुकानात तुच्छतेने वागवलं, तर तो ब्रँड आपल्यालाही शोभावा असं वाटणाऱ्यांची हाव उलट वाढते. साध्या ब्रँडच्या बाबतीत तसं होत नाही. आणि काही दिवसांनी तो जोर ओसरतो, तेव्हा हातात फक्त बिल उरतं. तुमचा प्रश्न नेमका तिथूनच आलाय.

सगळाच उद्धटपणा असा हिशेबी नसतो, हेही सांगतो. एक कुटुंब ऐंशी साड्या उलगडून ‘जाऊन येतो’ म्हणत उठतं, त्या घड्या रात्री दहापर्यंत आम्हीच घालायचो. कंबर धरायची. केरळात कापडदुकानांतल्या बायकांना दिवसभर बसायलाही मिळत नसे. त्या भांडल्या, तेव्हा २०१८ मध्ये तिथे कायदा बदलून बसायची सोय सक्तीची झाली. तमिळनाडूत तसंच २०२१ मध्ये झालं. शिवाय ‘ए पोऱ्या, ते काढ’ म्हणणारी गिऱ्हाइकंही भरपूर पाहिलीत. पण यातलं काहीच त्या सेल्समनला तुमच्याशी तसं बोलायचा परवाना देत नाही.

आणि ‘बजेट किती?’ या प्रश्नाचा राग धरू नका. तो रोजचा प्रश्न आहे, मीही शंभरदा विचारलाय. उत्तर न ऐकताच आकडा ठरवतात तेव्हा उठायचं.

साडीचं सांगतो. आवडली नाही, महाग वाटली, एवढ्यावर दुकानाने पैसे परत द्यायलाच हवेत असं नाही. बदलून मात्र बरेच जण देतात. फॉल-पिको केलेलं नसेल, घडी शाबूत असेल, तर मधल्या वारी दुपारी जा, शनिवारी संध्याकाळी नको. गादीवर बसू नका, थेट गल्ल्यावर मालकाकडे जा. सेल्समन काय बोलला ते त्याच शब्दांत, आवाज न चढवता, चार गिऱ्हाइकं ऐकतील असं सांगा. मालकाला ते फार लागतं.

पण त्याआधी घरी एक करा. पदर उलटा करून बघा आणि बिल शेजारी ठेवा. ‘सिल्क मार्क’ची चिठ्ठी असेल तर ती फक्त धागा अस्सल रेशमाचा आहे एवढंच सांगते, हातमागाचं नाही. बिलावर ‘हातमाग’ लिहिलंय आणि मागे धागे सुटलेत, तर मामला बदलतो. मग ती नावडलेली साडी नाही, खोटं सांगून विकलेली साडी आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे आणि सदोष माल परत न घेणंही. बिलावर मुदत नसेल तर तीस दिवस धरतात. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी अशा वेळी भिंतीवरच राहू द्यावी. मालक ऐकत नसेल तर १९१५ वर फोन लावा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

बिल मागितलं होतंत ना? रागात साडी घेताना नेमकं तेच राहून जातं.