कर्णबधिर मुलांच्या शाळेचा इतिहास लिहिताना

सप्रेम आशीर्वाद.

शाळेचा इतिहास लिहिण्याचे काम व्यवस्थापनाने तुझ्याकडे सोपवले आणि तू ते स्वीकारलेस, हे वाचून फार समाधान वाटले. सोबत पाठवलेला आराखडाही लक्षपूर्वक पाहिला. त्यात संस्थापक, देणगीदार, इमारती आणि निकाल यांना स्वतंत्र प्रकरणे आहेत; मुलांना कोणत्या भाषेतून शिकवले जात होते, हा प्रश्न मात्र कुठेच आलेला नाही. अन्य शाळांच्या बाबतीत ही उणीव एखादे वेळी खपून जाईल. कर्णबधिर मुलांच्या शाळेत मात्र बहुतेक महत्त्वाचे निर्णय याच प्रश्नाभोवती झालेले असतात, म्हणून आराखडा तिथपासून नव्याने मांडावास, असे मी आग्रहाने सांगेन.

त्यासाठी आधी जुन्या शाळांकडे वळ. पॅरिसमध्ये 1760 च्या सुमारास शार्ल-मिशेल द लेपे या धर्मगुरूंनी दोन कर्णबधिर बहिणींना शिकवायला घेतले आणि त्यातूनच पुढे त्यांची मोफत शाळा उभी राहिली. ही मुले आपसांत ज्या खुणा करतात, त्यांच्या आधाराने शिक्षण देता येते, हे त्यांनी ओळखले. पण त्या खुणा फ्रेंच व्याकरणाच्या चौकटीत बसवण्यासाठी स्वतः तयार केलेल्या खुणांची भर घातल्याने त्यांची पद्धत अवजड झाली. लाइपझिगमध्ये 1778 साली सॅम्युएल हायनिके यांनी काढलेल्या शाळेत याउलट तोंडी बोलण्यावर सारा भर होता. या दोघांत पत्रांतून झालेला वाद पुढच्या पिढ्यांनीही चालू ठेवला.

माझ्या मते पॅरिसच्या शाळेचे सर्वांत मोठे कार्य म्हणजे तिने आपल्याच विद्यार्थ्यांतून शिक्षक घडवले. ज्याँ मास्यू हे जन्मतः कर्णबधिर होते आणि ते तिथेच अध्यापक झाले. त्यांच्यानंतर शिक्षक झालेले लॉराँ क्लेर्क 1816 साली थॉमस हॉपकिन्स गॅलॉडेट या अमेरिकी धर्मोपदेशकांबरोबर अमेरिकेला गेले. वाटेत जहाजावर क्लेर्क इंग्रजी शिकले आणि गॅलॉडेट खुणांची भाषा. 15 एप्रिल 1817 रोजी हार्टफर्ड येथे त्यांची शाळा सुरू झाली आणि क्लेर्क तिथे 1858 पर्यंत शिकवत राहिले. अमेरिकेतील मार्थाज व्हिनयार्ड या बेटावर आनुवंशिक बहिरेपण इतके आढळत असे की ऐकू येणारे शेजारीही खुणांनी बोलत. तिथली मुले या शाळेत आली, इतर ठिकाणची मुले घरगुती खुणा घेऊन आली, आणि क्लेर्क यांच्या फ्रेंच खुणांशी या साऱ्यांचा मेळ बसून अमेरिकी सांकेतिक भाषा आकाराला आली. मुले एकत्र आली की भाषा कशी घडते, याचे अलीकडचे उदाहरणही आहे. मध्य अमेरिकेतील निकाराग्वा देशाच्या मानाग्वा शहरात 1970 च्या दशकाच्या अखेरीस कर्णबधिर मुले शाळेत एकत्र आली, तेव्हा शिक्षक त्यांना ओष्ठवाचन (ओठांच्या हालचालींवरून बोलणे ओळखणे) आणि स्पॅनिश शिकवत होते. मुलांनी मात्र मैदानात आणि बसमध्ये स्वतःची पूर्ण भाषा उभी केली. म्हणून तुझ्या इतिहासात वसतिगृह, मधली सुट्टी आणि मैदान यांना वर्गाइतकीच जागा हवी.

आता इटलीतील मिलानविषयी. सप्टेंबर 1880 मध्ये तिथे कर्णबधिरांच्या शिक्षणावर भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने तोंडी पद्धतच श्रेष्ठ असल्याचा ठराव केला. 164 प्रतिनिधींपैकी कर्णबधिर केवळ एक होता. त्यानंतर अनेक देशांतील वर्गांतून खुणा हद्दपार झाल्या. मुलांना हात बांधून किंवा हातांवर बसवून शिक्षा केल्याच्या नोंदी आहेत. कर्णबधिर शिक्षकही मागे पडले. अमेरिकेतील अशा शाळांमध्ये 1870 च्या दशकात सुमारे 40 टक्के शिक्षक कर्णबधिर होते. पहिल्या महायुद्धापर्यंत हे प्रमाण 15 टक्क्यांच्या आसपास उतरले. 2010 साली कॅनडातील व्हँकुव्हर येथे याच विषयावर भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने मिलानचे ठराव नाकारून खेद व्यक्त केला, तोवर कित्येक पिढ्यांचे शिक्षण होऊन गेले होते.

म्हणून कपाटातली जुनी हजेरीपत्रके आणि नेमणुकीची कागदपत्रे काढ, आणि प्रत्येक दशकात किती शिक्षक स्वतः कर्णबधिर होते, ते कोणते विषय शिकवत आणि केव्हा दिसेनासे झाले, हे शोध. शिपाई, शिंपी किंवा सुतारकामाचे निदेशक एवढ्याच पदांवर ते राहिले असतील, तर तेही लिही.

तोंडी पद्धतीच्या शिक्षकांना मात्र खलनायक ठरवू नकोस. आपले मूल बोलावे, ही पालकांची इच्छा खरी होती, आणि काही श्रवणशक्ती शिल्लक असलेल्या मुलांना वाचाशिक्षणाचा, पुढे श्रवणयंत्राचा, खरोखर लाभ झाला. अडचण अशी की ऑडिओमीटर, म्हणजे श्रवणशक्ती मोजणारे यंत्र, 1920 च्या दशकात वापरात येऊ लागण्यापूर्वी थोडे ऐकू येणारे, मुळीच न ऐकू येणारे आणि केवळ बोलण्यात अडथळा असलेले मूल यांच्यात नेमका भेद करणे कठीण होते. मेंदूज्वराने सातव्या वर्षी श्रवणशक्ती गेलेल्या मुलाला भाषा आधीच येत असे; असे मूल समारंभात स्पष्ट बोलले की त्याचे श्रेय पद्धतीला मिळे. त्यामुळे प्रवेशपुस्तकातील बहिरेपणाचे वय आणि कारण पाहिल्याशिवाय कोणत्याही यशोगाथेवर निष्कर्ष काढू नकोस.

माजी विद्यार्थ्यांच्या मुलाखती लगेच सुरू कर, कारण सर्वांत वयस्कर मंडळी फार काळ भेटतीलच असे नाही. मुलाखत व्हिडिओवर घे. खुणांतला आशय केवळ लेखी टिपणात पुरेसा उतरत नाही. दुभाषी शाळेच्या नोकरीतला नसावा, म्हणजे शिक्षेविषयी किंवा एखाद्या शिक्षकाविषयी त्यांना मोकळेपणाने सांगता येईल. लिहून झालेला मजकूर छापण्यापूर्वी त्यांना खुणांच्या भाषेत समजावून सांग आणि त्यांनी सुचवलेल्या दुरुस्त्या कर. व्यवस्थापनाला एखादा भाग अडचणीचा वाटला, तर तो गाळण्याआधी मला कळव. मी त्यांच्याशी बोलेन.

तुझा हितचिंतक